फॉर्मावरचा उत्तम

ठाण्याला कोपरीच्या कोळीवाड्यात दामाजीला तीन पोरींवर एक पोरगा झाला, तो उत्तम. हडकुळा, लाजरा, कुणी मोठ्यानं बोललं की आईच्या मागं जाऊन उभा राहणारा. दामाजीची होडी होती, खाडीला मासा होता, म्हणून पोराचं पुढं काय होईल याची कुणाला काळजी नव्हती. पण पोराला मिसरूड फुटलं आणि तेवढ्यात खाडीचं पाणी नासलं. कुठल्या कुठल्या कारखान्यांचं काळं पाणी खाली यायचं. चिखलातली निवटी मासळी काढावी, निखाऱ्यावर भाजावी आणि तोंडात घातली की घासलेटाचा वास! बायका टोपली घेऊन बाजारात बसायच्या आणि भरली टोपली घेऊन परत यायच्या. दामाजीनं होडी ओढून काठावर घातली ती घातलीच.

उत्तम दहावीपर्यंत गेलेला. तिथं इंग्रजीनं त्याला दोनदा पाडला. मग चौऱ्याऐंशी साली एका विद्यापीठानं ठाण्यात शाखा काढली, माजिवड्याच्या अलीकडं, हायवेला लागून. तिथं मोठी लायब्ररी होती. कुणाच्या तरी ओळखीनं उत्तम तिथं शिपाई म्हणून चिकटला. चिकटला म्हंजे हंगामी हां. अकरा महिन्यांची ऑर्डर निघायची, मग एक महिना घरी बसायचं, मग परत नवी ऑर्डर. अशी त्यानं अकरा वर्षं काढली. पोरी झाल्या दोन, त्या शाळेत जायला लागल्या, तरी बाप आपला हंगामीच.

पण कामाला वाघ. रोज सायकल मारत कोपरीचा पूल चढायचा आणि सगळ्यांच्या आधी जाऊन कुलूप काढायचा. तिथं म्हणे लाकडाची मोठी कपाटं होती, त्यांना हातभर लांब खण, आणि खणात कार्डं. एका पुस्तकाचं एक कार्ड. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, ते सगळं त्या कार्डावर. पोरं येऊन कार्डं चाळत बसायची. हा लांबूनच विचारायचा, "निळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड पाहिजे ना? खालची फळी, भिंतीकडनं चौथं." आणि असायचंच ते तिथं. आतलं काय ते त्याला वाचता येत नव्हतं, पण बाहेरनं त्यानं एकूण एक पुस्तक ओळखीचं करून ठेवलेलं.

मग पंच्याण्णव साली तिथं कंप्युटर आला.

आला तेव्हा काय थाट! एक खोली रंगवली, गार हवेची पेटी बसवली, खाली जाजम घातलं. पडद्यावर हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, धूळ चालत नाही म्हणे त्याला. उत्तमनं घरी येऊन हे सांगितलं तर सगुणा, त्याची आई, म्हणाली, "आरं, देऊळच बांदलाय की रं! परसाद काय देतंय?"

"कागद देतं, आये. छापील."

खरंच द्यायचं. चांदीच्या बशीसारखी एक चकती असायची. ती त्यात सरकवली की जगातल्या मासिकांत कुणी कशावर काय लिहिलंय त्याची यादी पडद्यावर यायची. पाहिजे तो शब्द इंग्रजीत मारायचा आणि थांबायचं. ज्याला बसायचं त्यानं वहीत नाव टाकायचं, मग अर्ध्या तासाची पाळी. चकती बदलायची, कागद लावायचा, पाळी संपली की उठवायचं, हे काम मॅडमनी उत्तमला दिलं.

मॅडम म्हंजे चित्रा मॅडम. लायब्ररीच्या मुख्य. डोंबिवलीहून यायच्या, आवाज एकदम करडा, पण माणूस गोड. पंधरा दिवस शेजारी बसवून त्यांनी उत्तमला ते यंत्र शिकवलं. हा आधी बोट लावायलाच घाबरायचा. "मॅडम, बिघडलं तर?" "बिघडलं तर मी ओरडेन. अजून बिघडलं नाही, मार बटण."

आणि काय सांगू, त्याला ते जमलं! कारण असं, की यंत्राला अक्कल नाही. त्याला जे अक्षर दिलं तेच ते शोधणार. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की सरळ सांगणार, काही नाही. शिकलेली पोरं तिथंच हात टेकायची. उत्तमचा जन्म कार्डं लावण्यात गेलेला. एकच नाव किती जणांनी किती तऱ्हांनी लिहिलंय, ते त्याच्या डोळ्यांखालनं गेलेलं. त्यानं एक शंभर पानी वही केली. कुठला शब्द कसा मारला की लागतो आणि कसा मारला की लागत नाही, ते त्यात उतरवून ठेवायचा. लोक आले की आधी वही उघडायचा, मग बटणं.

असं छान चाललेलं, आणि एक दिवस मॅडमनी त्याला आत बोलावलं.

"उत्तम, बस."

"नको मॅडम, उभाच बरा आहे."

"बस म्हणते ना."

तो बसला. मॅडमच्या हातात मुख्य ऑफिसचं पत्र होतं. त्यांनी वाचलं आणि मग साध्या भाषेत सांगितलं. वाचकांना नवी सोय कशी वाटते याचे फॉर्म भरून घ्यायचे होते. सोय चांगली आहे असं लोकांनी लिहिलं, तर कार्डांची कपाटं बंद होणार. आणि कपाटं बंद झाली, तर कपाटांवरचा हंगामी माणूस मार्चनंतर नको.

"म्हंजे मी?"

"कपाटांवर दुसरं कोण आहे?"

"पण मी तर आता यंत्रावर असतो."

"ते मला माहीत आहे रे. त्यांच्या कागदावर तू कपाटांवर आहेस." मॅडमनी पत्र उलटं करून ठेवलं. "मी लिहिलंय त्यांना. बघू."

बघ आता, कसा पेच पडला! लोकांना यंत्र आवडलं तर याची चूल विझणार, आणि लोकांना यंत्र आवडावं म्हणून दिवसभर खपणार कोण, तर हाच.

तिथं एक दौलत नावाचा क्लार्क होता, कल्याणचा. कायम झालेला, त्यामुळे जीभ सैल. त्यानं चहाच्या वेळी उत्तमला धरला. "काय कोळीबुवा, मशीनला शिकवताय आणि मशीन तुमचीच सीट खाणार! अरे, डोकं वापर. लोकांना सांगू नकोस ना काही. बसू दे बोंबलत. काही सापडलं नाही की फॉर्मावर घालतील शिव्या. मशीन खड्ड्यात, तू जागेवर."

उत्तमनं कप गोळा केले. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. मालू भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मग काय चुकीचं बोलला तो? तुम्हाला खोटं बोलायला कुठं सांगतंय कुणी? नुसतं गप बसायचंय. गप तर तुम्ही जन्मापासनं बसत आलात."

ते मात्र खरं होतं. उत्तमनं ठरवलं, की आपण गप बसायचं.

दुसऱ्या दिवशी शीला आली. डोंबिवलीजवळ कोपरला राहणारी पोरगी, मोठं शिक्षण चाललेलं तिचं. ठाण्याच्या खाडीतला चिखल आणि त्यातले मासे यावर लिहायचं होतं तिला. चपला काढून बसली, शब्द मारला, थांबली. यंत्र म्हणालं, काही नाही. परत मारला. काही नाही. चारदा केलं, पाचदा केलं. अर्ध्या तासातली वीस मिनिटं गेली आणि पोरीचे डोळे भरून आले.

"काका, यात काहीच नाहीये हो. म्हणजे आपल्या खाडीवर कुणी काही लिहिलेलंच नाही? माझे सर म्हणतात आहे, आणि हे म्हणतं नाही. परवा मला विषय द्यायचाय. नाही सापडलं तर विषय सोडा म्हणालेत." आणि शेजारी फॉर्मांचा गठ्ठा होता, त्यातला एक तिनं रागानं ओढला. "आता यावरच लिहिते. बिनकामाचं मशीन आणून ठेवलंय!"

उत्तम मागं उभा होता. पडद्यावर तिनं काय मारलंय ते त्याला दिसत होतं, आणि चूक कुठं आहे तेही दिसत होतं. पेन तिच्या हातात, कागद तिच्या पुढ्यात. नुसतं गप बसायचं होतं.

पण खाडी होती ना ती! दुसरं काही असतं तर बसलाही असता गप. बापाची होडी ज्या चिखलात रुतली त्या चिखलाबद्दल पोरगी विचारतेय, आणि आपण भिंतीसारखं उभं राहायचं? त्याचं त्यालाच ते बरं वाटेना.

"ताई," तो म्हणाला, "शेवटचा ई काढा. ए घाला."

"काय?"

"ठाण्याचं इंग्रजी स्पेलिंग. तुम्ही आताचं लिहिलंत. जुने लोक शेवटी ए लावायचे, थाना. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांवर सगळीकडे तसंच आहे, सोनेरी अक्षरांत. ज्यानं लिहिलं असेल त्यानं तेव्हाचं नाव लिहिलं असणार."

तिनं ई काढला, ए घातला आणि बटण मारलं. यंत्र घुरघुरलं, थांबलं, आणि पडद्यावर एकाखाली एक ओळी यायला लागल्या. खाडीचा चिखल, खाडीचं पाणी, खाडीतली कालवं. पोरगी उठून उभीच राहिली. "काका! अहो काका!" एवढंच म्हणत होती.

मग उत्तमचं तोंड सुटलं ते सुटलंच. म्हणाला, "आणि निवटी बघा. तिचं तुमच्या पुस्तकातलं नाव मला येत नाही, पण चित्र दाखवा, मी ओळखतो." त्यांनी पुस्तक काढलं, त्यानं चित्रावर बोट ठेवलं, तिनं खालचं लांबलचक नाव बघून बटणं मारली, आणखी कागद निघाले. शीलाची पाळी कधीच संपलेली. पुढचे गृहस्थ चपला काढून दारात ताटकळलेले, पण तेसुद्धा बघत उभे राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर मालूनं विचारलं, "बसलात का गप?"

"नाय जमलं."

मालूनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि ताट वाढलं. 

तो फॉर्म म्हंजे कसा, तर त्यावर पाचसहा प्रश्न होते. किती वेळा येता, कशासाठी येता. आणि त्यातला एक असा होता : 'माहिती शोधताना मिळणारी मदत'. त्यापुढं रिकामी रेघ. तिथं आपल्या शब्दांत लिहायचं. लिहिणाऱ्यानं नाव टाकायचं नाही, आणि भरलेला फॉर्म कुलपाच्या पेटीत. पेटी तशीच्या तशी मुख्य ऑफिसला जायची, म्हंजे इथल्या कुणी बघायला नको. मॅडमनासुद्धा नाही. मधे सगुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदू पिकलेला, म्हणून उत्तम आठ दिवस रजेवर होता. परत आला तेव्हा पेटी गेलेली.

मार्च लागला. मुख्य ऑफिसमधनं हरिहर सर म्हणून साहेब आले. वयस्क, चष्मा गळ्यात दोरीला, सगळं आकड्यांत बोलणारे. मॅडमच्या खोलीत बसले, दौलत लिहून घ्यायला बसला. उत्तम चहा घेऊन आत गेला. साहेबांना हा कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या यादीत हा होता 'कोळी यू. डी., हंगामी'. चहा आणणारा माणूस म्हंजे शिपाई, बस्स.

"अभिनंदन, मॅडम!" साहेब म्हणाले. "एकशे बारा फॉर्म आले, त्यातल्या सत्त्याऐंशी लोकांनी एकच शब्द लिहिलाय. मदत कशी, तर उत्तम! असा निकाल मी कुठल्याच शाखेत बघितला नाही. एकानं तर भारावून जाऊन लिहिलंय, उत्तम तो उत्तमच! तेव्हा या सोयीबद्दल आता शंका नको. कपाटं बंद करू, आणि तो एक कोळी आहे हंगामी, त्याला या महिनाअखेर मोकळं करू."

उत्तम बशीत कप मांडत होता. त्याला वाटलं, लोकांना आवडलं यंत्र. चांगलं झालं की वाईट झालं, तेच त्याला कळेना. मग दुसरं काहीतरी मनात आलं, आणि कान गरम झाले. पण कसं बोलणार? साहेब, तो उत्तम म्हंजे मी, असं आपल्याच तोंडानं सांगायचं? आणि नसलंच तसं, तर? लोकांनी खरंच यंत्राला उत्तम म्हटलं असेल, तर जन्माचं हसं! कप ठेवून तो दाराकडं वळला.

मॅडम मात्र साहेबांकडं टक लावून बघत होत्या. "सर, ते फॉर्म जरा वाचून दाखवाल?"

"हे बघा ना. 'उत्तम.' 'उत्तम.' 'उत्तम, वेळ लागला तरी न चिडता.'" साहेब थांबले. "न चिडता? असो. 'उत्तम. त्याच्या वहीची प्रत मिळावी.' हं. भाषा जरा कच्ची आहे लोकांची. आणि हा एक, हा तर मला समजलाच नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "'उत्तम रजेवर होता तेव्हा दोनदा हात हलवत परत गेले.'"

साहेबांनी तो फॉर्म उलटसुलट करून बघितला.

"सोय रजेवर कशी जाईल?" साहेबांनी विचारलं.

आणि दौलतला फुटलं हसू! तोंडावर हात दाबला तरी खांदे हलायला लागले. मॅडमचा करडा आवाज कुठल्या कुठं गेला. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "सर, सोय नाही गेली. हा गेलेला. ए उत्तम, पळतोस कुठं, इकडं ये! सर, हे तुमचे कोळी यू. डी. यू म्हणजे उत्तम."

साहेब एकदा फॉर्मांकडं बघतात, एकदा उत्तमकडं बघतात. "म्हणजे हे सत्त्याऐंशी..."

"ते मी कसं सांगू? लिहिणारे बाहेर बसलेत. विचारा त्यांनाच."

साहेब हिशेबी माणूस. खरंच उठले आणि वाचायच्या हॉलमध्ये गेले. पंधरावीस जण बसलेले. साहेबांनी विचारलं, फॉर्मावर उत्तम लिहिलं ते कशाबद्दल?

कायद्याचा अभ्यास करणारे एक पिकल्या केसांचे गृहस्थ होते, ते म्हणाले, "साहेब, मी तर माणसाचं नाव लिहिलं. मशीन बरं आहे."

शीला उभी राहिली. "मी मदत कशी मिळाली ते लिहिलं सर, माणसाचं नाव नाही लिहिलं. पण लिहिलं ते यांच्याबद्दलच. मशीननं मला नाही म्हणून सांगितलेलं."

मग एक म्हणाला माझंही तेच, दुसरा म्हणाला वही छापा त्यांची, आणि मागनं एक पोरगा ओरडला, "सर, चकती कुठली घालायची ते मशीनला तरी कुठं माहितीये!" हॉलमध्ये हशा पिकला. उत्तम कार्डांच्या कपाटाला टेकून उभा होता. नाव आपलं, आवाज लोकांचे, आणि मान वर करायची हिंमत नाही. त्याच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं, आणि ते पुसायला गेलो तर सगळे बघतील म्हणून पुसतही नव्हता.

जाताना साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मला कोळी माहीत होता, उत्तम माहीत नव्हता. माझं चुकलं. आता मला परत मोजावं लागणार."

तरी एप्रिल-मे घरीच गेले हो. ऑफिसातला कागद काही असा धावत येत नाही. मालूची कुरकुर चालूच. पण जूनमध्ये ऑर्डर आली, आणि ती अकरा महिन्यांची नव्हती. कायमची होती. वर लिहिलेलं : मदतनीस, संगणक विभाग. पोरींनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. सगुणानं नव्या डोळ्यानं कागद जवळ घेऊन बघितला. अक्षर तिला येत नव्हतं, पण म्हणाली, "झ्याक दिसताय." मालूनं मग दोन जागी नारळ दिला, एक एकविरेला आणि दुसरा कुठं, तर चित्रा मॅडमच्या घरी. डोंबिवलीला स्वतः जाऊन. मॅडम म्हणाल्या, "अगं, मला कसला देतेस? उत्तम हा शब्द लोकांनी लिहिला, मला तर तो सुचलासुद्धा नव्हता." मालू म्हणाली, "ह्यांना बस म्हणालात ना मॅडम. खुर्चीवर."

पुढच्या वर्षी परत फॉर्म आले. हरिहर सरांनी त्यातली रेघ काढून टाकलेली. आता चौकटी होत्या : फार चांगली, बरी, वाईट. उत्तम हा शब्द अख्ख्या कागदावर कुठंही ठेवला नव्हता. दौलत म्हणाला, "बघ, तुझी धास्ती घेतलीय मुख्य ऑफिसनं!"

एक सांगायचं राहिलं. उत्तम लोकांना ओळखायचा ते त्यांच्या विषयानं. ही खाडीवाली, ते कायदेवाले, तो रंगांच्या रसायनांवाला. नावं त्याला येत नव्हती, पाळीच्या वहीत असायची पण तो बघायचा नाही. कायम झाल्यावर मात्र पहिल्या दिवशी तो त्या खोलीच्या दारात, चपलांपाशी जाऊन उभा राहिला. आत जाणाऱ्या एकेकाला थांबवून नाव विचारायला लागला. फॉर्मावर कुणी आपलं नाव टाकलेलं नव्हतं, मग सत्त्याऐंशी कोण ते कसं कळणार? म्हणून सगळ्यांनाच विचारत सुटला.

कायदेवाले गृहस्थ चप्पल काढता काढता म्हणाले, "गुणाजी. पण नाव कशाला हवंय रे तुला? माझी पाळी तर साडेअकराची लिहिलेलीच आहे."

"असू दे," उत्तम म्हणाला. "तुम्ही माझं लिहिलंत ना, काका. मला तुमचं निदान तोंडपाठ असू दे."